खोकला राहू दिलेली रेकॉर्ड

आमच्या शेजारचे निमजे रोज दुपारी रेकॉर्ड प्लेअरला क्रेनचे इशारे करीत.

या वाक्यावर लोक हसतात. मला ठाऊक आहे, कारण भिलाईच्या मराठी मंडळात, लग्नाच्या पंगतीत, कोणाच्या ना कोणाच्या निरोप समारंभात मी हे कितीतरी वर्षं करून दाखवलं आहे, हातवाऱ्यांसकट. "घाटोळे, तो निमज्याचा आयटम होऊन जाऊ द्या," असं लोक म्हणायचे आणि मी उठून उभा राहायचो. त्यातला एक भाग मात्र मी दरवेळी गाळत आलो. आता माझी ऐंशी उलटली. निमजे नाहीत, आणि ज्यांच्यासमोर तोंड लपवायचं ते शेजारीही विखुरले. तेव्हा गाळलेला भाग लिहून टाकतो. आधी हसण्याचा भाग येईल. तोही खराच आहे.

भिलाई मध्य प्रदेशात होती तेव्हाचे दिवस ते. मी पोलाद प्लांटच्या टाइम ऑफिसात हजेरीचा बाबू, शिफ्टची ड्युटी. सेक्टर सहामध्ये तळमजल्याचं क्वार्टर मिळालं आणि भिंतीला भिंत लागून निमजे आले. गाव हिंगणघाटकडचं. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, काटकुळे, आणि प्लांटच्या मिलमध्ये क्रेनचे सिग्नलमन, कायम सकाळच्या पाळीला. तिथे आवाज असा असतो की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून वर केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला खालून हाताने सांगावं लागतं. बोट वर करून गोल फिरवलं की 'उचल'. खाली करून फिरवलं की 'सोड'. एका तळव्यावर दुसरा तळवा धरला की 'हळू'. आडवा हात की 'थांब'. कित्येक टनांचा माल या माणसाच्या एका बोटावर खालीवर होई.

राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी अंगणात दोरीवर लुंगी वाळत घालत होतो. शेजारच्या खिडकीतून धाडधाड नगारे आणि कोणीतरी इंग्रजीत बोंबलत असल्याचा आवाज आला. मी डोकावलो. खिडकीच्या चौकटीत निमजे छातीपर्यंत दिसत होते. समोर टेबलावर रेकॉर्ड फिरत होती आणि निमजे घामाघूम होऊन तिला सांगत होते: उचल... उचल... हळू... थांब! आणि काय सांगू, ते गाणं खरोखर थांबलं. निमज्यांनी दोन बोटं आपल्या गळ्याला लावली, मग हात वर नेला, आणि गाणं पुन्हा सुरू झालं.

माझ्या हातातली लुंगी मातीत पडली.

"कुसुम," मी घरात येऊन बायकोला म्हणालो, "शेजारचा माणूस मशीनले सिग्नल देऊन राहिला. अन् मशीन आयकून राहिली."

"माणसाचं मले माहीत नाई," कुसुम म्हणाली, "बाई मात्र लय घमेंडी हाये. दोनदा हाक मारली, ओ नाई. पाठमोरी उभी ती उभीच. हळदीकुंकवाले बोलावलं, तर नुसती हसली अन् दार लावलं. आपुन का भीक मागाले गेलतो?"

निमज्यांची बायको विमलवहिनी. उंच, सावळ्या, नेहमी स्वच्छ धुतलेल्या पातळात. सगळ्या ब्लॉकमध्ये त्यांचं नाव 'महाराणी' पडलं होतं. मूलबाळ नव्हतं. महाराणी आणि सिग्नलमन, असा तो संसार.

त्या रेकॉर्डींची कथा अशी. एक रशियन साहेब काम संपवून मायदेशी परतताना आपला रेकॉर्ड प्लेअर आणि कलकत्त्याहून मागवलेल्या तीस-एक इंग्रजी रेकॉर्डी निमज्यांना देऊन गेला. घरी का नेत नाही, असं निमज्यांनी हाताने विचारलं. तिकडे असल्या गाण्यांना बंदी; साहेबाने आपल्या गळ्यावरून बोट फिरवून दाखवलं. दोघंही इशाऱ्यांचे पक्के, त्यामुळे भाषांतराची गरज पडली नाही. स्पीकरच्या दोन पेट्या निमज्यांनी स्वतः बनवल्या, यंत्रांबरोबर आलेल्या खोक्यांच्या लाकडाच्या. त्यांच्यावर रशियन अक्षरं तशीच होती. या संगीताला रॉक म्हणतात हे मला फार पुढे कळलं. निमजे त्याला 'जड माल' म्हणत.

एका रविवारी त्यांनी मला धरून नेलं. वहिनी आत स्वयंपाकघरात होत्या. खोलीच्या मध्यावर फरशीवर खडूने फुली काढलेली, तिच्यावर स्टूल.

"बसा. हालू नका. हाललात का गेलं सगळं."

मी बसलो. रेकॉर्ड लागली. मी कानांवर हात नेले, ते निमज्यांनी खाली केले.

"किती जण वाजवून राहिले?"

"दहा तरी असतील."

"चार. गाणारे किती?"

"तीन."

"एक!" निमजे स्टुलाभोवती गरकन फिरले. "एकच माणूस. पहिले एकदा गायला, ते टेपवर ठेवलं. मंग त्याच्यावर पुन्हा गायला. मंग पुन्हा. थरावर थर. आपल्या भिंतीसारखं."

मला तर हे भुताटकीसारखं वाटलं. माणूस आपल्याच आवाजाच्या शेजारी उभा राहून गातो? "तुमाले कसं समजलं?"

"पाहा ना. ओळ संपवताना तिघं बी एकाच जागी श्वास घेतेत, अन् एकाच जागी अडखळतेत. तीन सख्खे भाऊ बी असे अडखळत नाईत, बाबू."

मग त्यांनी डावीकडच्या पेटीला कान लावायला लावला. तिथे नुसते ढोल. उजवीकडे जाड तारांचा घुमारा. एकच गाणं, पण अर्धं या भिंतीला आणि अर्धं त्या भिंतीला. निमज्यांना असाच माल आवडे. ज्या रेकॉर्डीत सगळं एकत्र कोंबलेलं असे, तिला ते हात लावत नसत. "हे म्हंजे वरातीचं सामान एकाच रिक्षात. नवरदेव कुठं अन् भांडे कुठं, समजत नाई."

गाण्यांच्या शब्दांशी त्यांना काहीच देणंघेणं नव्हतं. मी एकदा हौसेने अर्थ सांगू लागलो, तर म्हणाले, "शब्द काहाले पाह्यजेत? शब्द तर कोणी बी बोलते." गाणाऱ्याचं नावही त्यांना नको असे. माझ्या हातात भिंग देऊन ते कव्हराच्या मागचा सर्वांत बारीक मजकूर वाचायला लावत. "वरचे मोठे नावं सोडा. तो खालचा वाचा. इनचार्ज कोण होता?" म्हणजे ज्याने ते सगळं बसवलं, कोणता ढोल कुठे ठेवायचा आणि कोणाचा आवाज किती दाबायचा हे ठरवलं, तो. "कोण वाजवते ते सोडा, बाबू. कोण बसवते ते पाहा." हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून चारदा येई. लग्नाचं जेवण चांगलं झालं की ते वाढप्यांना ओलांडून मागे जात आणि विचारत, "इनचार्ज कोण?"

एकदा त्यांनी दोन वेगळ्या मंडळींच्या दोन रेकॉर्डी थोड्या थोड्या वाजवल्या आणि म्हणाले, "दोन्हीचा इनचार्ज एकच हाये. पाहा बरं मागं." मी भिंग लावलं. एकच नाव! मी चाटच पडलो. निमज्यांना इंग्रजी अक्षरं मोडकीतोडकी येत, एवढा बारीक मजकूर वाचणं शक्यच नव्हतं.

"गाणारे बदलले, बसवणारा नाई," ते म्हणाले. "हा लेकाचा तिसऱ्या कडव्याच्या आधी नगारा बंद करते. दरवेळी. सवय हाये त्याची. माणूस कपडे बदलते, चाल कुठं बदलते?"

आणि शेवटी त्यांनी ती रेकॉर्ड लावली. खिडकीतून मी पाहिली होती तीच. नगारे, तारा, आरोळ्या, सगळं चढत चढत जातं आणि एकदम थांबतं. त्या शांततेत, अगदी मागून, कोणीतरी खोकतं. मग पुन्हा धडाका.

"आयकला?" निमज्यांचे डोळे चमकत होते. "कोणी वाजवणारा खोकलला. काढता आला असता. ब्लेडनं टेप कापतेत अन् चिकटवतेत, पत्ता लागत नाई. पण इनचार्जनं ठेवला. कावून?"

"कावून?"

"कापला असता, तर तिथं माणूस व्हता हे कोणाले समजलं असतं?"

मी घरी येऊन दिवसभर कुसुमच्या आवाजात थर शोधत बसलो, आणि बोलणी खाल्ली.

आवाज घुमतो कसा, हे मंडळाच्या हळदीकुंकवाला बायकांना सोडायला आलेल्या पुरुषमंडळींना दाखवण्यासाठी निमज्यांनी धान्याच्या रिकाम्या पत्र्याच्या कोठीत खांद्यापर्यंत डोकं घातलं. आतून "आयकून राहिले का?" असा पाताळातून यावा तसा आवाज आला. नंतर डोकं निघेना. तिघांनी ओढून काढलं, तर कपाळाला गव्हाची धूळ आणि पहिला प्रश्न: "मागच्याले बी आयकू गेलं का?"

गणपतीत तर कहर. दुर्गहून गायक-वादक बोलावले होते. निमजे कार्यक्रमाच्या मध्येच उठले, तबलेवाल्याला त्याच्या तबल्यासकट उचलून पडद्यामागे नेऊन ठेवलं, पेटीवाल्याला दोन हात डावीकडे सरकवलं आणि स्टेजसमोर उभे राहून इशारे सुरू केले. "अहो निमजे, हा गणपती हाये, मिल नाई!" मंडळाचे अध्यक्ष ओरडले. निमज्यांनी मागे न पाहता त्यांनाही 'थांब'चा इशारा केला. पण एक गोष्ट मी माझ्या आयटममध्ये कधी सांगितली नाही. त्या दिवशी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना अभंगाचे शब्द पहिल्यांदा नीट ऐकू गेले होते.

आता गाळलेला भाग.

तो उन्हाळा होता आणि माझी सी शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, चालू होती. सकाळी सहाला सुटून घरी आलं, तरी उकाड्याने दुपारीच कुठे जेमतेम डोळा लागायचा. साडेतीनला भिंत थरथरायची. चौथ्या दिवशी वडिलांचा फोटो खिळ्यासकट खाली आला. काच माझ्या उशीजवळ फुटली. मी उठलो आणि तक्रार लिहिली.

मला अर्ज लिहिण्याचा नाद होता. ब्लॉकमधल्या सगळ्यांचे रजेचे, बदलीचे, नळदुरुस्तीचे इंग्रजी अर्ज मीच लिहून देई. निमज्यांचेसुद्धा. 'विथ ड्यू रिस्पेक्ट'ने सुरुवात, आणि तिसऱ्या परिच्छेदात 'इट इज पर्टिनंट टु मेन्शन'. हा पर्टिनंट आला की साहेब सही करतोच, असा माझा अनुभव होता. या तक्रारीत मी लिहिलं की सदर इसम वाद्ययंत्राला औद्योगिक स्वरूपाचे हातवारे करतो, त्यावरून त्याच्या मनःस्थितीबद्दल शंका येते, आणि सर्व रहिवाशांना त्रास होतो. नऊ शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. स्वतःची केली नाही. मसुदा लिहिणाऱ्याने सही कशाला करायची, असं मी स्वतःला समजावलं. निमज्यांच्या दारात जाऊन "निमजे भाऊ, माझी सी शिफ्ट आहे" एवढं एक वाक्य बोलावं, हे मला सुचलं नाही.

पंधरा दिवसांनी निमजे हातात नोटीस घेऊन माझ्याच दारात उभे.

"बाबू, कोणी तरी कम्प्लेंट केली. हे पाहा, सह्या सोडून नक्कल जोडून देली. रिप्लाय लिहून द्या."

कागद हातात घेतला, तर माझीच वाक्यं माझ्याकडे पाहत होती.

"उद्या... उद्या येतो," मी म्हणालो. "पॉइंट्स घ्यावे लागतील."

"या की. साडेतीनले या."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. दार लोटलेलंच होतं आणि आत रेकॉर्ड चालू होती. पहिल्यांदाच मला ती खोली खिडकीच्या चौकटीखालची दिसली.

जमिनीवर लाकडी फळी, तिच्यावर विमलवहिनी बसलेल्या. दोन्ही पेट्या त्यांच्या दोन बाजूंना सरकवलेल्या. डावा तळवा डाव्या पेटीवर, उजवा उजव्या पेटीवर, अनवाणी पाय फळीवर घट्ट. डोळे निमज्यांच्या बोटांवर. आणि निमजे त्यांना सांगत होते: आता उचलणार... उचल... हळू... थांब. दोन बोटं गळ्याला. मग हात वर.

वहिनी हसत होत्या. घमेंडी महाराणी लहान मुलीसारखी हसत होती.

मी दारातच उभा राहिलो. हे सगळं आपण काय समजत होतो!

रेकॉर्ड संपल्यावर निमज्यांनी मला पाहिलं. त्यांनी वहिनींचा खांदा शिवून माझ्याकडे बोट केलं. वहिनी दचकल्या, पदर सारखा केला आणि सपाट, जरा मोठ्याच आवाजात म्हणाल्या, "चहा घेता का?" इतक्या वर्षांत मी ऐकलेलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

त्या आत गेल्यावर निमजे बोलले. "क्षय झाला व्हता तिले, लग्न झाल्यावर तिसऱ्या वर्षी. इंजेक्शनं देले. जीव वाचला, कान गेले. दोन्ही."

"कोणाले सांगितलं कावून नाई?"

"तिले नाई आवडत. समजलं का लोक तोंड वासून, हात नाचवून बोलतेत. येड्याशी बोलल्यावानी." त्यांनी रेकॉर्ड उचलून कव्हरात घातली. "तिचा बाप भजनात पखवाज वाजवे. लहानपणी त्याच्या मांडीवर बसून वाढली. रडून राहिली व्हती एक दिवस, का आता पखवाजाचा आवाज आठवत बी नाई म्हणे. मी रेडिओवर हात ठेवून पाह्यला, काईच नाई लागत. साहेबाच्या रेकॉर्डीत लागला. एका हाताले ढोल, एका हाताले तारा. सगळ्या रेकॉर्डीत नाई लागत, बाबू. बसवणारा चांगला पाह्यजे."

मी पेन उघडून बसलो होतो. कागदावर नुसताच एक शाईचा ठिपका वाढत होता.

"हे लिहितो," मी म्हणालो. "वहिनींचं. साहेब एका मिनटात नोटीस फाडून टाकेल."

"नाई." त्यांनी आडवा हात केला. थांब. "ते नाई लिहायचं. दुसरं लिहा. कोणाची झोप मोडत असल, त्या हप्त्यात मी दुपारी वाजवणार नाई. आता पाहा ना, तुमची सी शिफ्ट असते. भिंत तर तुमचीच लागून हाये. तुमी कधी बोलले नाई, पण मलेच समजाले पाह्यजे व्हतं. असं लिहा, का घाटोळे बाबूची सी शिफ्ट असल त्या हप्त्यात मी संध्याकाळी सहाले वाजवीन. झालं का मंग?"

झालं असतं. अगदी तेवढ्यानेच झालं असतं.

मी घरी येऊन रिप्लाय लिहिला. सुंदर इंग्रजी लिहिलं. निमज्यांची वीस वर्षांची बिनअपघाती नोकरी लिहिली, त्यांचा सज्जन स्वभाव लिहिला. पण ते वाक्य आलं की माझा हात थांबे. त्यात माझं नाव होतं. साहेब मला बोलावेल, "तुमचीच झोप मोडत होती का?" विचारेल, मग तक्रारीचा मसुदा कोणाचा हे निघेल, मग ते नऊ जण, मग निमजे. मी ते वाक्य गाळलं. निमज्यांनी खाली सही केली आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "लय मेहनत घेतली तुमी."

महिन्याभरात निकाल आला. उत्तरात वेळ बदलण्याची तयारी कुठेही दिसत नाही, सबब एकतर वाद्य बंद करावं किंवा दुसरं क्वार्टर घ्यावं. मरोद्याकडच्या टोकाला एक ब्लॉक होता, निम्मा रिकामा. ना शेजार, ना दुकान. निमजे ड्युटीवर गेले की वहिनी तिथे दिवसभर एकट्या, आणि दाराशी कोणी आलं तरी त्यांना कळणार नाही. निमज्यांनी मरोदा घेतलं.

सामान मेटॅडोरमध्ये चढत होतं. मी मदतीला गेलो, कारण न जाणं आणखी वाईट दिसलं असतं. पेट्यांना गोधड्या गुंडाळून निमज्यांनी त्या स्वतः चढवल्या. मग माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि सहज बोलावं तसं बोलले.

"रिप्लाय मस्त व्हता, बाबू. कम्प्लेंट बी मस्त व्हती."

हातातलं गाठोडं मी खाली ठेवलं.

"नोटीस आली त्याच दिवशी चार्जमन साहेबाकडून वाचून घेतली मी. तिसऱ्या पॅऱ्यात तो पर्टिनंट आला. माह्या रजेच्या अर्जात बी तो तिथंच येते. इनचार्ज एकच."

"म्हंजे... तुमाले माहीत व्हतं? तरी रिप्लाय लिहाले माह्याकडे आले? कावून?"

"तुमच्याहून चांगलं कोण लिहिते?" ते हसले. मग हसू हळूहळू उतरलं. "अन् मले वाटलं, घरी याल, पाहाल, मंग सांगाल. रिप्लाय बी वाचून घेतला मी. त्यात एक पार्ट दाबला व्हता तुमी. एकच. पण गाणं त्याच्यावरच उभं व्हतं."

"साहेबाले सांगाचं ना तुमी," मी म्हणालो. "माहं नाव सांगून द्याचं."

"ब्लेड मारता आली असती," निमजे म्हणाले. त्यांनी वहिनींना हात देऊन गाडीत चढवलं, स्वतः मागे पेट्यांजवळ बसले. "नाई मारली."

गाडी वळेपर्यंत मी उभा होतो. त्याच वर्षी गणपतीत कोणीतरी म्हणालं, "घाटोळे, तो निमज्या कसा करायचा हो?" आणि मी उठलो आणि करून दाखवलं. लोक पोट धरून हसले. मीही हसलो. एकदा हसल्यावर मग दरवर्षी करावंच लागलं. 'वेडा सिग्नलमन, त्याची घमेंडी बायको, शेवटी क्वार्टर सोडावं लागलं.' मरोदा सायकलवर अर्ध्या तासाच्या आत होतं. मी एकदाही गेलो नाही.

निमजे गेल्याचं मला मंडळाच्या सूचना फलकावर कळलं. तोवर मी रिटायर होऊन रिसालीला राहायला गेलो होतो. महिनाभर धीर गोळा केला आणि एका दुपारी मरोद्याला, निमज्यांनी निवृत्तीनंतरही भाड्याने ठेवलेल्या त्याच क्वार्टरवर गेलो. जाताना घरून एक कागद लिहून नेला होता. मराठीत. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासमोर बोलून मोकळं होण्याची सोय मला नको होती. चार ओळी. त्यांत पर्टिनंट नव्हता. तक्रार मी लिहिली, वाक्य मी गाळलं, आणि तुमची नक्कल करून मी लोकांना हसवलं, एवढंच होतं. खाली माझी सही होती.

दार उघडंच होतं. वहिनींचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मला ओळखलं. कागद घेऊन खिडकीपाशी गेल्या, चष्मा लावून वाचला. पुन्हा वाचला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो आणि तिथे काहीही हालत नव्हतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि एका रेकॉर्डच्या कव्हरात सरकवली. त्याच कव्हरातून रेकॉर्ड काढून लावली.

पेट्या तशाच होत्या, रशियन अक्षरं पुसट झालेली. वहिनी फळीवर बसल्या. डावा तळवा डाव्या पेटीवर ठेवला. मग माझं मनगट धरलं आणि माझा तळवा उजव्या पेटीवर ठेवला.

नगारे सुरू झाले. लाकडातून ते माझ्या कोपरापर्यंत चढत होते. इतकी वर्षं भिंतीतून ऐकलेला तो आवाज हाताला असा लागतो, हे मला माहीत नव्हतं. चढत चढत गेलं. समोर इशारे करणारं कोणी नव्हतं, आणि वहिनींना त्याची गरज नव्हती. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

पेटी एकदम निपचित झाली. हाताखाली नुसतं लाकूड.

वहिनींनी दोन बोटं आपल्या गळ्याला लावली.

आणि त्यांनी जन्मात कधी न ऐकलेला तो खोकला बरोबर तिथे आला.